बाटली मागणारं गाव आणि अमिता सिस्टर

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, सरपंच दर्शनाताई, मंचावरचे डॉक्टरसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या अमिता सिस्टर, त्यांचे यजमान सुधीरराव आणि गुडघे कुरकुरत असतानाही वरच्या वाडीतून उतरून आलेल्या कुडपणकर गावकरी मंडळींनो, आपणा सर्वांना नमस्कार. मी दत्ताराम, गावचा पोलीस पाटील. थोडक्यात बोल अशी तंबी मिळालीय, तेव्हा मुद्द्यावर येतो.

सिस्टर गावात आल्या तेव्हा आपल्याला काय हवं असायचं? बाटली! गैरसमज नको, सलाईनची. जरा कणकण आली की, "सिस्टर, ताकदीची बाटली लावा." त्यांचं उत्तर ठरलेलं. "साबणाने हात धुवा, वेळेवर जेवा, लवकर झोपा. ताकद तिथून येते." आमच्या सुनीलने मुंबईहून प्रतिकारशक्तीचं महागडं सरबत आणलं, तर सिस्टरांनी विचारलं, "रात्री मोबाईल किती वाजता ठेवतोस रे?" सुनीलने मोबाईल गुपचूप खिशात सरकवला. माझ्या चहातली साखर तर त्यांनी माझ्याच बायकोला हाताशी धरून पळवली. आणि दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसांना "रोज थोडं चालत जा" असं सांगायची हिंमत दुसऱ्या कुणाला झाली असती?

पण मंडळी, स्वतः सिस्टरांचं काय? डबा भलत्याच वेळी, तोही उभ्याने. झोपेचा पत्ता नाही. शेवटी गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गाठलंच. महाडला नेताना गाडीत त्यांना श्वास पुरत नव्हता. मी पुढे बसलो होतो, मागे वळून बघायचा धीर होईना. खरं सांगतो, फार घाबरलो होतो.

बऱ्या होऊन आल्या, तर आपल्या धोंडूबाई दारातच उभ्या. "गो सिस्टर, आमाला लवकर निजवतेस, नि तू कवा निजतेस? पेज पिल्याशिवाय आज सोडनार नाय तुला."

आणि आता ऐका. काल सुधीररावांनी हळूच सांगितलं, सिस्टरांनी महाडच्या एका दवाखान्यात रात्रपाळी धरलीय, येत्या सोमवारपासून. डॉक्टरसाहेब, त्या दुखण्यानंतर ही रोजची जागरणं झेपतील? बघा, साहेबांची मान आडवी हलतेय.

सिस्टर, शाल-श्रीफळ थांबेल. आधी सगळ्यांदेखत सांगा, जाणार रात्रीच्या? काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नाही. "दिवसपाळी मागून बघते"? मग आत्ताच मागा. सुधीरराव, फोन द्या त्यांना. त्या खिडकीपाशी रेंज येते. इतकी वर्षं आम्ही तुमचं ऐकलं, आज एकदा आमचं ऐका. तुम्ही आम्हाला हव्या आहात, बाई.

तोवर मी आटोपतो. अध्यक्षांचे, डॉक्टरसाहेबांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. थट्टेच्या भरात काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला.

शू! फोन लागला वाटतं. काय म्हणतायत? "रात्रीचं मला जमणार नाही." ऐकलंत ना? आता वाजवा टाळ्या!