आईचं वजन

...आणि वर हसतात हो! तुम्हाला सांगतो, मोबाइलवर ते अंतराळवीर बघितले ना, की माझं डोकंच फिरतं. एक बाई एका दणकट गड्याला नुसतं बोट लावते आणि तो तरंगत तरंगत पलीकडच्या खोलीत! बोट लावते हो! आणि इथं मी, प्रेमराज, धुळ्यात देवपूरला राहणारा, शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, आईला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं तर डोक्याकडून मी, पायाकडून आमची पुनम, 'धरलं का? हं... अहो हळू... अहो, माझा हात अडकला खाली!' त्यांचं बरं आहे हो, तिथं वजनच नाही!

आई म्हणजे मंजुळाबाई. साक्रीकडच्या आमच्या गावात एकटी राहायची, दोन शेळ्या आणि सतरा भांडणं सांभाळून. शेळीमागं पळताना पडली, कमरेच्या हाडाला तडा. डॉक्टर म्हणाले, 'ऑपरेशन नको, पण महिना-दीड महिना खाट सोडायची नाही.' आणली धुळ्याला. आता खाट सोडायची नाही म्हणजे खाटेवरच सगळं. सगळं! कळलं ना? भांडं लावायचं. मी ते पलंगाखालून काढलं मात्र, आईनं असं बघितलं माझ्याकडं, जसा काही मी कोयता काढलाय. 'मनी सासूनी बी मनं डोकं कधी उघडं देखेल नही, आनि तू मना आंडोर, तू माले भांडं लावशी? त्यानापेक्षा मरेल बरं!' बरं, आंडोर म्हणजे मुलगा, तो नको, तर सून? सून तर त्याहून नको!

मग बाईनं काय युक्ती काढावी? प्यायचंच नाही! प्यायलं नाही की जायला नको. आम्ही बापडे ग्लास भरून ठेवतोय, ग्लास रिकामा होतोय, मी पुनमला म्हणतोय, 'बघ, किती शहाण्यासारखं पाणी पितेय!' आणि खाटेशेजारच्या खिडकीतलं मनीप्लँट असं फोफावलंय, असं फोफावलंय, की गजांना गुंडाळून बाहेर निघालंय! इकडं आईचे ओठ फुटलेले. आमच्या डोक्यात प्रकाश कधी पडावा? आई तापानं फणफणून कधीच्या मेलेल्या जुन्या शेळ्यांना हाका मारायला लागली तेव्हा! दवाखान्यात नेलं, लघवीत जंतू, सलाइन. डॉक्टर माझ्यावर उखडले, 'मास्तर, तुमच्याकडे पाणी येत नाही का?' आता हा काय धुळ्यात विचारायचा प्रश्न आहे का हो? इथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं!

घरी आणली, तरी ओठ मिटलेले ते मिटलेलेच. पुनमनं हात जोडले. मी ओरडलो. मग मी रडलो. आईनं भिंतीकडं तोंड केलं. तुम्हाला सांगतो, आपली आई डोळ्यांदेखत अशी वाळत जाताना बघणं... जाऊ द्या.

तर एका सकाळी मी तिला मोबाइलवर अहिराणी गाणी लावून दिली आणि अंघोळीला गेलो. गाणं संपलं, मोबाइलनं आपल्याच मनानं पुढचं काहीतरी लावलं. येऊन बघतो तर आई डोळे विस्फारून, 'प्रेम्या, हाई बाई उलटी कशी टांगेल शे रे? भूतनी शे का?' म्हटलं, 'आई, ती आकाशात आहे. तिथं वजन नसतं.' 'का बरं? तठे किराणा दुकान नही का?' घ्या! पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय मी!

पण लागला हो नाद. ती बाई पिशवीतून चूळभर पाणी केसांना चोपडतेय, केस खराट्यासारखे उभे. ती भिंतीला टांगलेल्या गोधडीत शिरून झोपतेय. आणि मग तिनं शौचालय दाखवलं! ही नळी, हा पट्टा, असं बसायचं, असं बांधून घ्यायचं... हसत हसत सांगतेय! मी मराठी करून सांगतोय आणि कानाच्या पाळ्या लाल! आई म्हणाली, 'आनि हाई बठ्ठा गावले सांगस ती?' म्हटलं, 'सगळ्या गावाला कसली, जगाला सांगते.' 'शिकेल शे?' 'खूप शिकलेली.' मला वाटलं, झालं, पटलं. लगेच ग्लास पुढं केला. 'तिना धंदा शे तो. मनं काय?' परत भिंत! त्यांचं बरं आहे हो, तिथं वजनच नाही, आणि लाजही तरंगत कुठंतरी निघून जात असेल!

मग एक दिवस ते अंतराळवीर पृथ्वीवर परत आल्याचा व्हिडिओ लागला. मोकळं माळरान, मोठी छत्री, तिला बांधलेलं घंगाळासारखं यान, आणि त्यातून त्याच बाईला चार बाप्यांनी उचलून खुर्चीत ठेवली. मान धरवत नाही, पाय लुळे, एक जण तिचा घाम पुसतोय. आई दचकली. 'तिले काय व्हयनं रे?'

'पाय उभं राहायला विसरले, आई. आता परत शिकवतील. लहान पोरासारखं.'

'आनि उचली ऱ्हायनात त्या कोन? भाऊ शेतस तिना?'

'नाही गं. परके.'

'परका!' आईनं मोबाइल डोळ्यांजवळ ओढला. ती बाई हसत हात हलवत होती. 'आनि तरी हाशी ऱ्हायनी...' मग छताकडं बघत म्हणाली, 'पुनम, माले पानी दे.'

पुनमनं आधी मनीप्लँट गजांतून सोडवून ओट्यावर ठेवलं, मग पाणी दिलं. विश्वास म्हणून नाही!

आणि मग अर्थातच पुढचं... भांडं. मी म्हटलं, 'आई, धर मला.' एरवी अंग आखडून लाकडासारखी पडायची, म्हणून जड लागायची. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझ्या गळ्यात हात टाकला, आणि तुम्हाला सांगतो... काही नव्हतंच हो उचलायला! शेळीच्या पिलाएवढी! मी तिला तशीच धरून उभा. त्यांचं बरं आहे, तिथं वजन नाही... पण हिला असायला हवं होतं हो थोडं. पुनम खाली भांडं धरून ओरडतेय, 'अहो रडताय काय, खाली टेकवा त्यांना!'

आता आई वॉकर धरून ओट्यापर्यंत जाते, तांब्याभर पाणी पिते. ताकद आलीय, ती सगळी जिभेत. गावाकडं वच्छलाबाईला, म्हणजे माझ्या मावशीला, फोन लावला. तिचे गुडघे गेलेत, आणि तीही अशीच लाजून पाणी पीत नाही म्हणे. आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडतेय, 'तू आठे ये वच्छला! मना आंडोर बठ्ठं करस! लाज नको धरू!'

मावशी परवा येतेय. पुनमनं दुसरी खाटसुद्धा टाकली. मावशी आईच्या दुप्पट आहे हो... मी आपला कमरेचा पट्टा आणायला निघालोय.