उन्हाळा कधी सुरू करायचा

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या दोघींकडे लागले.

"तुझी आई अजून सरकारी बागेत कामाला आहे?"

"आहे की! यंदा नोकरी जाता जाता राहिली बघ. कॅलेंडरात वसंत लागला, साहेब म्हणाले, रोपं लावा. हिनं मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, दिवस मोठा झालाय, पण माती अजून गारठलेलीच आहे. महिनाभर थांबा."

"साहेबांच्या तोंडावर?"

"तोंडावर! मिळाली कामावरून काढायची नोटीस. आठवड्यात असं गोठवणारं दहिवर पडलं, की बाकीच्या बागांतली रोपं करपली. हिची आपली शेडमध्ये खुशाल!"

"मग नोटीस?"

"साहेबांनीच फाडली. आता रोज विचारतात, 'मावशी, उन्हाळा कधी सुरू करायचा?'"

"आणि ती?"

"म्हणते, कळवते!"

शिंपीणबाईंनी कोपऱ्यातल्या कुंडीत हळूच बोट खुपसलं.