साठच्या पुढची थरथर

आप्पा : गाडी साठवर गेली की थरथर सुरू होते. अजून पन्नासच आहेत.

मिस्त्री : काटा मला दिसतोय, काका. तुम्ही शांत बसा.

लेक : शांतच आहेत हो महिनाभर. विचारलं की म्हणतात, काही नाही. आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

आप्पा : मिस्त्रींना गाडी दाखवायला आणलंय, मला नाही.

लेक : पण ठरलंय आपलं. गाडीत दोष निघाला नाही, तर किल्ली माझ्याकडे. नर्सरीची रोपं पोचवायला दुसरा माणूस ठेवायचा.

आप्पा : माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं, मिस्त्री. आधी कप, मग सही, मग शर्टाची बटणं.

मिस्त्री : हं. झाले साठ. ताई, काही जाणवतंय?

लेक : सीट हलतेय. पाठीत मुंग्या आल्यासारखं होतंय.

आप्पा : तुलाही?

लेक : मलाही म्हणजे? तुम्हाला काय वाटलं होतं?

आप्पा : अगं, स्टिअरिंग बघ, खुंटीसारखं स्थिर. गाडीचं दुखणं मला नेहमी तिथेच कळलंय. ते गप्प, म्हणजे गाडी ठीक. मग थरथरतंय कोण? मीच.

मिस्त्री : पुढची चाकं बिघडली तर स्टिअरिंग सांगतं, काका. मागचं बिघडलं तर सीट. हे बघा, न्यूट्रल केली. इंजिनाचे फेरे कमी झाले, थरथर तेवढीच. म्हणजे इंजिन नाही. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट बघावा लागेल. त्याला कोणी हात लावला होता?

आप्पा : मी. महिन्यापूर्वी शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस, तो अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, बदलला, अंगणात. नेहमी मीच बदलतो.

[गॅरेज. पिकअप स्टँडवर चढवलेली, मिस्त्री तिच्याखाली.]

मिस्त्री : क्रॉस झकास बसवलाय. बेअरिंगही ठीक. पण शाफ्टचे दोन तुकडे जोडताना खूण जुळवली होती का?

आप्पा : खडूची रेघ मारल्याशिवाय मी शाफ्ट सोडवतच नाही. दोन्ही तुकड्यांवर मिळून एकच सरळ रेघ.

मिस्त्री : इथे रेघ नाही. दोन्ही टोकांचे कान, क्रॉस ज्यांत बसतो ते, एका ओळीत हवेत; जोडाच्या खाचांत ते एक दात सरकलेत. म्हणून फिरताना झटके बसतात. हळू असताना कळत नाही, वेग आला की कळतं.

लेक : आप्पा, तुम्ही जेवायला आत गेलात तेव्हा ते तुकडे अंगणात पडले होते. केवढं ग्रीस चिकटलं होतं. मी रॉकेलने घासून लख्ख केले.

आप्पा : तू?

लेक : तुमचं तेवढंच काम हलकं होईल म्हणून.

आप्पा : आणि मी आलो तर रेघ दिसेना. वाटलं, मारायलाच विसरलो. लाज वाटली, कोणाला विचारलं नाही. नजरेने जोडून टाकलं. तो विसरही मी त्या आजाराच्याच खात्यात टाकला.

मिस्त्री : वा. एक धुणार, एक अंदाजाने जोडणार, आणि दोघं मिळून आजारपण काढणार.

लेक : पण मग कप?

मिस्त्री : ताई, दिवसभर या सीटवर बसून या, मग तुमच्या हातात कप देतो. त्यात मनात धास्ती. हवं तर डॉक्टरांना दाखवा, पण ही थरथर गाडीची आहे. या खाली, काका. जोड तुमच्याच हाताने जुळवा.

आप्पा : खडू आहे?

मिस्त्री : खडू नको, पंच मारून खूण करा. ती रॉकेलने जात नाही.

लेक : पोचला टोमणा.

मिस्त्री : जोडही बसला बरोबर. आता किल्ली कोणाला देऊ?

लेक : ज्यांची आहे त्यांना.

*

लेक : साठ झाले, आप्पा.

आप्पा : बघितलं.

लेक : मागच्या रिकाम्या कुंड्याही वाजत नाहीत.

आप्पा : हं.

लेक : एक हात सोडून काय चालवताय? असा समोर काय धरलाय? काय झालं?

आप्पा : काही नाही.

लेक : परत काही नाही?

आप्पा : बघ ना. खरंच काही नाही.