खासदारांच्या कचेरीतली छाट

मंडळी, एक सांगा. माणूस मोठा झाला हे ओळखायचं कशावरनं? गाडीवरनं? मग आमच्या सरपंचांचा मेहुणा केव्हाच देव झाला असता! हसू नका, पुढंच बसलाय तो.

तर ऐका. किसन गुंजाळ बिडी कारखान्यात तपासनीस होता. बाया घरी बिड्या वळून आणायच्या, हा त्यातल्या वाईट बाजूला काढायचा. त्याला म्हणतात छाट. छाटीची मजुरी बाईला नाही — अन् मालक तीच बिडी बांधून विकायचा! हे कळलं अन् किसन पेटला. नोकरी सोडली, युनियन काढली. तेवीस दिवस बाया कारखान्याच्या दारात बसल्या, तेव्हा मालक नमला. ठरलं काय? छाट काढायची ती बाईला समोर बसवून, अन् तिथंच मोडायची. पुढं त्याच बायांनी घरोघर हिंडून किसनला खासदार केलं.

आता खासदार म्हटला की कचेरी आली, कचेरीत सहायक आला. कामाचे अर्ज साहेबांपुढं, बाकीचे गोणीत!

भागूबाई वर्पे संपात पहिल्या रांगेत बसलेली. चाळीस वर्षं बिड्या वळून बोटांच्या रेघाच गेल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उठेना. तीन महिने धान्य बंद, घरात दोन नातवंडं. चार अर्ज केले, उत्तर नाही. शेवटी भरल्या कचेरीत पुढं आली. किसनरावांनी ओळखलं, उठून खुर्ची दिली. ती बसली नाही.

"किसना," ती म्हणाली, "माझे चार अर्ज छाटीत गेले. छाट काढताना मला समोर बसवलंस का?"

मंडळी, खासदारांची मान खाली गेली. पण गडी अस्सल हो! गोणी मागवली, जाजमावर ओतली, मांडी घातली अन् तिच्यासमोर एकेक अर्ज वाचला. अंगठा न उठणाऱ्या एकशे बारा बाया निघाल्या! दुसऱ्या दिवशी तहसीलदारांना घेऊन रेशन दुकानात. अन् गंमत बघा — अंगठा उठला नाही तरी ओळख पटवून धान्य द्यायचं, असा नियम होताच. कुणी सांगितलाच नव्हता.

भागूबाईच्या पिशवीत तांदूळ पडले. किसनराव म्हणाले, "माझं चुकलं, मावशी."

"चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "आमचे हात कशानं झिजले, तेवढं दिल्लीत सांग."

अन् सांगितलं हो त्यानं, लोकसभेत उभं राहून! चूक दाखवणारीपुढं जो मांडी घालून बसला, तो मोठा.

आता तुमचं बोला. खासदार राहू द्या लांब. बायको काही सांगायला लागली की "तुला काय कळतं" कोण म्हणतं? आज घरी जाऊन तिचं पुरतं ऐकून घेणार, त्यांनी हात वर करा.

माय-बहिणींनो, तुम्ही हात खाली घ्या. मी ह्यांना विचारतोय!