ताप नाही, व्हाइटनर

नाशिकच्या दवाखान्यात, व्यसनमुक्तीच्या खिडकीसमोर, सायखेड्याची सोळा वर्षांची वैष्णवी आत्यासोबत रांगेत उभी होती. रांगेत त्यांच्या मागे उभ्या, अनोळखी चतुराबाईला त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"कुणी ओळखीचं दिसलं तर?" आत्यानं विचारलं.

"दिसू दे."

"उद्या तुझ्या लग्नात विचारतील, तेव्हा काय सांगू?"

"व्हाइटनर हुंगायची, सोडायला स्वतःच्या पायानं गेली, असं सांग."

"हळू बोल गं! कागदावर ताप लिहायला लावू."

"तापाच्या गोळीनं हे सुटत नाय, आत्या. शाळेत चक्कर येऊन पडले, तवा लय रडलीस ना?"

आत्यानं तिचा हात धरला आणि दोघी खिडकीशी आल्या.

"नाव? काय होतंय?" खिडकीतून आवाज आला.

"वैष्णवी. व्हाइटनर सोडायचंय."

"सोबत कोण?"

"मी," आत्या मोठ्यानं म्हणाली. "सख्खी आत्या. लिवा!"