घाम हा शब्द मी गाळला

नालवाडीतल्या शेजाऱ्यांनो, देवळीहून आलेल्या कुसुमच्या माहेरच्या मंडळींनो, आणि मीना बेटा,

माझं तोंड चालतं, म्हणून ह्या शोकसभेत मला उभं केलंत. आज ते चालत नाही. कुसुमबद्दल चांगलं बोलणारे इथे बरेच आहेत. मी माझ्याबद्दल वाईट बोलणार आहे. मधे कोणी उठू नका.

कुसुम आपल्या सगळ्यांच्या साड्यांना फॉल लावायची. शिलाई मशीनच्या आवाजावरून तिला कळायचं, सुई आता तुटणार. मग तिचे कान गेले. लेकीने, ह्या मीनाने, कानाचं यंत्र घेऊन दिलं. पहिल्याच उन्हाळ्यात ते बंद पडलं. दुकानदाराने हात वर केले. कुसुम माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, तुमाले इंग्रजी येते, तक्रार लिवून द्या. मले दुसरं काई नको, चालतं यंत्र पायजे. मले माही मशीन आयकू येत नाई."

पस्तीस वर्षं विमा ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिलेली बाई मी. मला तर हुरूपच आला. तिने सांगितलं होतं, घामानं वलं झालं, मग बंद पडलं. मी लिहिलं, यंत्राला ओलावा लागला. घाम हा शब्द मी गाळला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडे शिकले ना. सभ्य बायका घामाचं नाव काढत नाहीत, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

वकीलही मीच शोधला. नागपूरचा. का? तर फोनवर इंग्रजी फाडफाड बोलला. ग्राहक आयोग इथे वर्ध्यात, वकील तिकडे. तारीख तो फोनवर कळवायचा. कोणाला? जिला ऐकू येत नाही तिला. दोन तारखांना तो फिरकला नाही. कंपनीचा वकील मात्र आला. माझंच वाक्य त्याने वाचून दाखवलं. बाई स्वतःच म्हणतात, यंत्र ओलं झालं. ओल्या यंत्राला वॉरंटी नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात कानामागे घाम येऊ नये, अशी यांची अपेक्षा. पण त्यांच्यावर चिडायचं कोणत्या तोंडाने? वाक्य माझं होतं.

मग कुसुमने मला न विचारता एक काम केलं. ती आयोगात जाऊन मागच्या बाकावर बसली. तीन दिवस. एकेका वकिलाचे ओठ बघत. घरी येऊन म्हणाली, "ज्याचे ओठ मले वाचता आले, तो माहा वकील."

ते हे ढोले वकील. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, ह्या माणसाच्या कोटाचा रंग उडालाय आणि बोलतो गावंढळ. वकीलसाहेब, तुमच्यासमोर सांगते. तुम्ही माझा कागद वाचलात, तिच्या पुढ्यात बसलात आणि सावकाश विचारलंत, "काकू, वलं कायनं झालं? इथं लिवलं नाई."

"घामानं, बापा. माह्या कानामांगं काई विहीर हाय काय?"

तुम्ही हसलात. ती हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडमले सांगाचं मीच विसरली असन."

मी शेजारी बसले होते. मी काय बोलले? काही नाही.

ढोले वकिलांनी तक्रार दुरुस्त करायचा अर्ज केला. मराठीत. घाम पहिल्याच ओळीत. पुढल्या मंगळवारी तारीख आहे. तिथे ती स्वतः बोलणार होती. साडीसुद्धा काढून ठेवली होती. आणि गेल्या गुरुवारी मशीनवर बसल्या बसल्या गेली.

सांगून काय उपयोग, तिला ऐकू येत नाही, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. पण ओठ वाचता येत होते तिला. माझे तर फार चांगले वाचायची.

मीना, मंगळवारी मी तुझ्यासोबत येते. तो शब्द मी गाळला, हे आयोगासमोर मी सांगेन.

अशा सभेत शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहतात. त्या शांततेत कुसुम वर्षभर बसली, माझ्यामुळे. मी ती पुन्हा मागणार नाही. एकेकाने तिच्या फोटोसमोर जा. तोंड तिच्याकडे करा. जे सांगायचं ते सावकाश सांगा.

पहिली मी जाते.

कुसुम, तू विसरली नव्हतीस. तू सांगितलं होतंस.