डगल्यातला कॅमेरा

तौफिक : नाही, झोहरा, झाकण उघडायचं नाही. मघापासून सांगतोय, आणि दर वेळी कारणासकट सांगतोय.

झोहरा : कारणं ऐकून कॅमेरा चालू होणार असेल तर आणखी सांग.

खमीस : सकाळी होडीत तर चांगला घरघरत होता. एकदम काय झालं त्याला?

तौफिक : खमीसकाका, चावी पूर्ण भरलेली आहे. बटण दाबलं की आत काहीतरी कण्हतं आणि थांबतं. म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे. अडली आहे ती फिल्म.

खमीस : मग उघडा की. माझ्या होडीचं इंजिन अडलं तर मी त्याच्यापुढे बसून व्याख्यान देत नाही.

तौफिक : इंजिनाला उजेडाचं वावडं नसतं. फिल्मला असतं. शिवाय काढून झालेली फिल्म रिळावर गुंडाळली जाते, तेव्हा शेवटी काढलेलं चित्र सगळ्यात बाहेरच्या वेढ्यावर येतं. झाकण उघडलं की उजेड आधी त्यालाच खाणार.

झोहरा : आणि ते शेवटचं चित्र म्हणजे तुम्ही, बाबा.

खमीस : चहा घ्या. निवतोय.

झोहरा : चहा राहू दे. तुमचा लेक मोख्तार समुद्रापार मार्सेयला गेला त्या दिवसापासून तुम्ही त्याच्याशी एक अक्षर बोलला नाहीत. त्याचं पत्र आलं की मी वाचते आणि तुम्ही जाळं विणता. आपल्या शर्फियाचं, मासे अडवणाऱ्या झावळ्यांच्या भिंतीचं, चित्र काढून त्याला पाठवतेय म्हटलं, तर ‘पाठव, मला काय’ म्हणालात. आणि आज कमरेइतक्या पाण्यात झावळी रोवता रोवता कॅमेऱ्याकडे वळलात आणि चक्क बोलायला लागलात! ते चित्र मी जळू देणार नाही.

खमीस : वळलो असेन. मान अवघडली होती.

झोहरा : मिशीतल्या मिशीत पुटपुटू नका.

तौफिक : मार्ग एकच आहे. आमच्या हौशी सिनेमा मंडळाची अंधारपिशवी पलीकडे स्फाक्स शहरात कपाटात आहे. उद्या सकाळच्या फेरीबोटीने मी जातो, पिशवी घेतो, आणि परवा...

झोहरा : आणि उद्या सकाळीच शर्फियाची भिंत पुरी व्हायची आहे. शेवटची झावळी रोवताना बाबांना टिपायचं नाही का? की तुझं मंडळ येईपर्यंत ओहोटी थांबणार आहे?

खमीस : ओहोटी माझ्यासाठी कधी थांबली नाही, मंडळासाठी कुठली थांबते!

झोहरा : काय रे, त्या अंधारपिशवीत असतं तरी काय?

तौफिक : काही नसतं. दुहेरी काळं कापड आणि हात घालायला दोन बाह्या.

झोहरा : ... बाबा, तुमचा लोकरी डगला कुठे आहे?

खमीस : या उकाड्यात? खुंटीवर आहे. का?

झोहरा : त्याला बाह्या आहेत.

तौफिक : झोहरा, लोकर विणलेली असते. विणीत छिद्रं असतात. तत्त्वतः...

खमीस : मास्तर, तो डगला माझ्या आईने विणलाय. त्यातून हिवाळ्याचा वारा आत आला नाही, तुमचा उजेड काय येणार! टोपीची नाडी आवळा, खालचा घेर गुंडाळून त्यावर बसा.

तौफिक : तरीही खात्री केलेली बरी. थांबा, मी आधी स्वतः आत शिरतो.

खमीस : अगं, जावई माझ्या डगल्यात शिरला! दार लोटून घे, शेजारची मबरूका येईल इतक्यात.

झोहरा : दिसतंय का काही?

तौफिक : काही नाही. माशांचा वास मात्र भरपूर आहे.

खमीस : तो फुकट.

तौफिक : मान्य. चालेल. पण पलीकडच्या खोलीत दार लावून बसू, तिथे उजेड कमी आहे. आणि हात तुझे. माझा अंगठा झावळीने कापला नसता तर...

झोहरा : तर तू अजून तत्त्वतः बोलत बसला असतास. चल.

(बंद खोली. झोहराचे दोन्ही हात डगल्याच्या बाह्यांत कोपरापर्यंत; कॅमेरा आत.)

तौफिक : आधी बटणाची खिटी लावलीस?

झोहरा : लावली. झाकण उघडलं.

तौफिक : आता लक्ष दे. झाकण पुन्हा बसेपर्यंत काहीही झालं तरी हात बाहेर काढायचे नाहीत.

झोहरा : काहीही? माझ्या नाकावर माशी बसलीय.

तौफिक : ती बसू दे.

झोहरा : बाबा!

खमीस : उडवली. पुढे चाला.

झोहरा : अरे देवा, आत शेवयांचा गुंता झालाय.

तौफिक : ओढू नकोस! भिंगाच्या मागे एक पट्टी आहे, फिल्मला दाबून धरणारी. ती उचल. खट्‌ असा आवाज येईल.

झोहरा : आला. फिल्मला चुण्या पडल्यात. एक भोक फाटलेलं लागतंय.

तौफिक : तिथेच नखी असते, फिल्म पुढे ओढणारी. तिच्याजवळ चाचप. हळू.

झोहरा : काहीतरी टोचतंय. धातू नाही. कोरडं आहे, कुसळासारखं.

तौफिक : निघतंय?

झोहरा : हालतंय... बोलू नकोस.

तौफिक : मी फक्त एवढंच म्हणतो की...

खमीस : मास्तर.

तौफिक : गप्प आहे.

झोहरा : निघालं! चिमटीत आहे.

तौफिक : आता फिल्म परत बसव. पट्टीखाली भिंगाची चौकोनी खिडकी लागेल; तिच्या वर फिल्मची एक कमान, खाली एक कमान, बोटभर ढील. ताणली तर पुन्हा फाटेल.

झोहरा : वरची कमान. खालची. पट्टी दाबली. झाकण... बसलं. खिटी काढते, बटण दाबते. सगळ्यांनी श्वास धरा.

खमीस : घरघरतोय!

तौफिक : घरघरतोय! सोड बटण, फिल्म वाया जातेय. आणि ते चिमटीतलं दाखव.

झोहरा : हे बघ.

खमीस : ही तर माझ्या झावळीची शीर.

झोहरा : होडीत फिल्म कोणी भरली होती रे? ‘वाऱ्यात फिल्म भरणं म्हणजे अडाणीपणा’ असं मंडळात कोण बजावत असतो?

तौफिक : ओहोटी लागली होती. स्वतःशी वाद घालायला वेळ नव्हता.

खमीस : असू दे. आता तरी चहा घ्या.

झोहरा : बाबा, एक सांगायचं राहिलंय. रागावू नका. हा कॅमेरा आवाज घेत नाही. तुम्ही बोललात त्याचं नुसतं चित्र उमटेल, शब्द नाहीत.

तौफिक : मी तेव्हाच सांगणार होतो. हिने माझा दंड दाबला.

खमीस : मला माहीत होतं.

झोहरा : कसं?

खमीस : जावईबापूंनी आल्या दिवशी जेवताना या यंत्राची सगळी वंशावळ सांगितली नाही का? कुसकुस निवला, पण मी ऐकत होतो.

झोहरा : मग बोललात कशाला?

खमीस : भिंतीच्या या टोकाला मी असायचो, त्या टोकाला मोख्तार. मध्ये वारा. आवाज कधी पोचलाय का? ‘दोरी सोड’, ‘खोल रोव’, ‘चल, जेवू’... तो एवढासा होता तेव्हापासून माझे ओठ वाचतो. तिकडे जाऊन तेवढं विसरला नसेल.

झोहरा : काय बोललात त्याला?

खमीस : तू तर समोरच होतीस.

झोहरा : माझा एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात.

खमीस : मग त्यालाच कळू दे.

तौफिक : काका, पण तत्त्वतः एक अडचण आहे. चित्र लांबून घेतलंय. त्यात तुमच्या मिशा अशा ओठांवर आलेल्या. त्याला शब्द कितपत...

झोहरा : तौफिक!

खमीस : बरोबर बोलतोय तो. झोहरा, उद्या जरा जवळून घे. मी मिशा कातरून येतो.